एक नंबर, तीन विमानं: ‘व्हाइट टायगर्स’चा इतिहास कसा वाचायचा?

संशोधनाचा आराखडा लिहायला बसलात की पहिला अडथळा येतो तो एककाचा. आपण नेमका कशाचा अभ्यास करतोय? पेशीचा की ऊतीचा, झाडाचा की जंगलाचा? मी विज्ञान शाखेची असले तरी आजचं उदाहरण इतिहासातून घेतेय, कारण तिथे ही अडचण चटकन दिसते. उदाहरण आहे भारतीय नौदलाच्या आयएनएएस ३०० या स्क्वाड्रनचं. टोपणनाव ‘व्हाइट टायगर्स’, घर गोव्यातला दाबोळीचा तळ, आयएनएस हंसा.

आधी घटनाक्रम बघू. जुलै १९६० मध्ये ब्रिटनमधल्या ब्रॉडी इथे हे स्क्वाड्रन उभं राहिलं. विमान होतं सी हॉक. एक जेट इंजिन, २० मिलिमीटरच्या चार तोफा, शिवाय बॉम्ब आणि रॉकेट नेण्याची सोय. मार्च १९६१ मध्ये बेलफास्टला आयएनएस विक्रांत ही विमानवाहू नौका नौदलात आली. १८ मे १९६१ रोजी तिच्या डेकवर पहिलं जेट उतरवलं लेफ्टनंट आर. एच. ताहिलियानी यांनी. हेच पुढे नौदलप्रमुख झाले.

डिसेंबर १९८३ मध्ये सी हॉकच्या जागी सी हॅरिअर आलं. मे २०१६ मध्ये हॅरिअर निवृत्त झालं आणि मिग-२९ के आलं. विमान बदललं, वैमानिक बदलले, नौकाही बदलली. टिकला तो नंबर आणि वाघ. मग ‘स्क्वाड्रनचा इतिहास’ म्हणजे नक्की कशाचा इतिहास?

सोपं उत्तर म्हणजे विमानांचा. पण हे उत्तर १९७१ वर लावून बघा, लगेच अडकतं.

सी हॉक तेव्हा जुनं झालं होतं. ब्रिटिश नौदलाने ते १९६०च्या सुमारासच आघाडीवरून काढलं होतं. वेग ध्वनीपेक्षा कमी. तरी ४ डिसेंबर १९७१ रोजी याच विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले आणि पुढचे काही दिवस पूर्व पाकिस्तानची बंदरं, धावपट्ट्या, जहाजं झोडपली. स्क्वाड्रनचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर संतोष कुमार गुप्ता यांना महावीर चक्र मिळालं.

आता ‘सी हॉक प्रभावी विमान होतं’ असा निष्कर्ष काढायचा का? थांबा. आधी परिस्थिती तपासा. विक्रांतच्या चार बॉयलरपैकी एकाला तडा गेला होता, म्हणून ती पूर्ण वेगाने धावू शकत नव्हती. हा केवळ इंजिनरूमचा प्रश्न नव्हता. नौका वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जितकी जोरात धावते, तितका डेकवरचा वारा वाढतो आणि विमानाला उड्डाण सोपं जातं. शिवाय विमान फेकणारं कॅटापल्ट वाफेवर चालायचं आणि वाफ येणार बॉयलरमधून. म्हणजे बॉयलरमधला तडा थेट विमानापर्यंत पोहोचत होता.

अशी नौका बंगालच्या उपसागरात वापरता आली, कारण पूर्वेला पाकिस्तानचं सेबर विमानांचं एकच स्क्वाड्रन होतं, तेही ढाक्याला. विक्रांतच्या मागावर आलेली गाझी ही पाणबुडी ३-४ डिसेंबरच्या रात्री विशाखापट्टणमजवळ बुडाली. वैमानिकांचं धाडस खरंच, त्यात शंका नाही. पण तेच विमान, तेच वैमानिक अरबी समुद्रात असते तर निकाल तोच लागला असता असं या पुराव्यावरून म्हणता येत नाही. निकाल लिहिताना अटी सोबत लिहायच्या, त्या यासाठी.

मग एकक म्हणून नौका घ्यायची का? ‘जसा डेक, तसं विमान’ हे पटण्यासारखं वाटतं. सी हॉकला कॅटापल्ट आणि उतरताना अडवणारी तार लागायची. हॅरिअर थोडं धावून उडायचं आणि सरळ खाली उतरायचं. मिग-२९ के पुढे वर वळलेल्या स्की-जंपवरून उडतं आणि तारेला हुक अडकवून थांबतं. पण तारखा जुळवून बघा. हॅरिअर आलं १९८३ मध्ये आणि विक्रांतवर स्की-जंप बसला त्यानंतरच्या दुरुस्तीत, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस. इथे विमान आधी आलं आणि डेक नंतर बदलला. कार्यकारणाचा बाण दोन्ही बाजूंनी जातोय!

म्हणून माझ्या मते इथलं योग्य एकक आहे विमान आणि डेक यांची जोडी. स्क्वाड्रनचा नंबर हे फक्त लेबल. विक्रांत-सी हॉक, विराट-हॅरिअर, विक्रमादित्य-मिग अशा जोड्या केल्या की प्रत्येक बदलाचं कारण शोधता येतं. नुसती विमानांची यादी केली तर तारखा मिळतात, कारणं नाही.

तुमच्या विषयातही असं एखादं लेबल असणारच: तेच नाव, पण आतला माल बदललेला. संस्थेचं नाव, जातीचं नाव, जुन्या नोंदीतलं गावाचं नाव, काहीही. आराखड्यात ते लिहिण्याआधी वहीत दोन रकाने करा. एकात काय टिकलं ते लिहा, दुसऱ्यात काय बदललं. दुसरा रकाना लांबला तर एकक पुन्हा ठरवा. हे आत्ता केलंत तर तिसऱ्या वर्षी प्रकरणं नव्याने पाडावी लागणार नाहीत.