ओत्झीचे अपुरे धनुष्य

आपल्या भाषेत धनुष्य उचलतात, पेलतात, ताणतात, क्वचित मोडतातही. 'शिवधनुष्य पेलणे' तर आपण ऊठसूट वापरतो. पण ते घडवतात कसे, याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. यात दोष सगळा आपला नाही. तयार धनुष्य स्वतःची घडण लपवते. शेवटी ते घासूनपुसून गुळगुळीत होते आणि झाडापासून शस्त्रापर्यंतची हकीकत ढलप्यांबरोबर जमिनीवर पडून कुजते. डेन्मार्कमधील होल्मेगार्डच्या दलदलीत १९४४ साली एल्मच्या लाकडाची, सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीची धनुष्ये मिळाली. त्यांची कोणती बाजू तिरंदाजाकडे असावी, यावरही अभ्यासकांचे मतभेद झाले.

घडण पाहायची तर अपुरे राहिलेले धनुष्य हवे. तसे एक सुदैवाने आहे.

१९ सप्टेंबर १९९१ रोजी ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमेवर, आल्प्समध्ये ३,२१० मीटर उंचीवर दोन जर्मन पर्यटकांना बर्फातून अर्धवट वर आलेला एक मृतदेह दिसला. तो सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा निघाला. पुढे त्याचे नाव ओत्झी पडले. त्याच्या तांब्याच्या कुऱ्हाडीवर आणि अंगावरच्या गोंदणांवर भरपूर लिहिले गेले आहे. माझ्या मते त्या सामानात सर्वांत बोलकी वस्तू म्हणजे १.८२ मीटर लांबीची एक लाकडी दांडी. तिच्यावर कुऱ्हाडीच्या घावांच्या खुणा अजून स्पष्ट दिसतात. टोकांना दोरी अडकवायच्या खाचा नाहीत.

लाकूड यूचे. हे सदाहरित, अतिशय संथ वाढणारे झाड. आपल्या हिमालयातला थुनेर हा त्याचाच भाऊबंद. यूचे बाहेरचे फिकट लाकूड ताण सोसते, आतला तांबूस गाभा दाब सोसतो. धनुष्याला नेमके हेच दोन्ही हवे असते. झाड विषारीही आहे. (हल्ली तरुण मंडळी उठता बसता वापरतात तो 'टॉक्सिक' शब्द धनुष्याच्या ग्रीक नावावरून, 'टॉक्सॉन'वरून आला आहे, बाणांना विष लावत म्हणून.)

यू ३,२१० मीटरवर वाढत नाही. म्हणजे ओत्झीच्या दांडीचे झाड खाली दरीतच तोडलेले. पुढे इंग्लंडने याच झाडासाठी युरोपभर व्यापार मांडला. १४७२ च्या कायद्याने येणाऱ्या जहाजांना दर टन मालामागे धनुष्याच्या चार दांड्या आणणे सक्तीचे केले आणि मध्य युरोपातली यूची राने उतरणीला लागली. १५४५ मध्ये बुडालेल्या 'मेरी रोज' या युद्धनौकेवर अशी शंभराहून अधिक धनुष्ये मिळाली. ती पूर्ण, रेखीव, एका साच्यातली वाटावीत अशी. राजाच्या कोठारातली ती धनुष्ये ज्याने केली आणि ज्याने ओढली, ते दोघे वेगळे. ओत्झीच्या बाबतीत झाड तोडणारा, तासणारा आणि बाण सोडणारा बहुधा एकच असावा.

त्याची उंची १.६० मीटर. दांडी त्याच्या डोक्यावरून वीतभर वर जाई. ओले लाकूड तासायला सोपे, पण ओलेपणी ते ताणले तर कायमचे वाकडे होते. म्हणून आधी ढोबळ आकार काढायचा, मग वाळू द्यायचे, मग बारीक काम. पाठीकडच्या बाजूला धागा तुटू द्यायचा नाही. तुटला की तिथूनच धनुष्य उकलते. सगळ्यांत अवघड टप्पा शेवटचा. सैल दोरी लावून थोडेथोडे ओढायचे, दोन्ही बाहू सारखे वाकतात का पाहायचे, जिथे ताठ राहते तिथे खरवडायचे. जाडी निम्मी झाली की ताठपणा आठव्या हिश्श्यावर येतो. म्हणजे एक ढलपी जास्त गेली तरी ती परत चिकटवता येत नाही. ओत्झी या टप्प्यापर्यंत पोहोचलाच नव्हता.

भात्यात चौदा बाण होते. त्यांतले बारा अपुरे, व्हायबर्नमच्या काठ्यांचे, ८४ ते ८७ सेंटिमीटर लांबीचे. पिसे आणि गारगोटीची टोके लावलेले दोनच, आणि तेही मोडलेले. प्राण्याच्या स्नायूंची, पीळ दिलेली तांत मात्र तयार होती. ती धनुष्याची दोरीच असावी, असे अभ्यासक मानतात. म्हणजे दोरी आहे, धनुष्य नाही; काठ्या आहेत, बाण नाहीत. हे धनुष्य असेच पुरे होते, त्याला खाचांची गरज नव्हती, असा एक मतप्रवाह आहे. मला तो पटत नाही. बाणांकडे पाहिले की उत्तर मिळते: या माणसाचा सगळाच शस्त्रसंभार नव्याने उभा राहत होता. जुन्याचे काय झाले, हे त्या सामानात कुठेच नाही.

त्याच्या उजव्या हाताला, अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात, खोल जखम होती. ती मृत्यूच्या काही दिवस आधीची. त्या हाताने कुऱ्हाड धरून दांडी तासणे जवळपास अशक्य. तेव्हा दांडीवरचे बहुतेक घाव जखमेच्या आधीचे असावेत, असा माझा तर्क. तो खरा असेल तर काम थांबलेले असतानाही हे सहा फुटांचे लाकूड त्याने डोंगरावर वाहून नेले.

२००१ मध्ये क्ष-किरण तपासणीत त्याच्या डाव्या खांद्यात गारगोटीचे बाणाचे टोक सापडले. बाण मागून आला होता. सोडणाऱ्याचे धनुष्य तयार होते.