लाकूड व बांबूकामाचे पुरातत्त्व : झरी जामणी परिसर

प्राचीन वसाहतींतील लाकूड, बांबू, वेत व वाखाच्या कामाचा अवशेषांवरून होणारा अभ्यास. यवतमाळ जिल्ह्यातील झरी जामणी तालुका पैनगंगेच्या खोऱ्यात, साग व बांबूच्या जंगलपट्ट्यात येतो. येथील कोलाम आदिवासी आजही बांबूच्या टोपल्या, सुपे व ताटवे विणतात. अशा मुलखात जुन्या काळीही घरातला बराचसा पसारा झाडाझुडपांपासूनच झालेला असणार. तरीही विदर्भाचा प्राचीन इतिहास मुख्यतः लोखंड, दगड आणि खापरांवर उभा आहे. याचे कारण, काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यातले लाकूड कुजते. उरलेले वाळवी संपवते. लाकूड सतत पाण्याखाली, सतत कोरड्यात किंवा जळून कोळसा झाले तरच बहुधा तगते. भाजे व कार्ले येथील चैत्यगृहांतील लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षे टिकल्या त्या कातळाच्या आडोशामुळे. उघड्या गावठाणात लाकूड सापडत नाही म्हणून ते काम नव्हतेच, असा निष्कर्ष काढता येत नाही.

पुरावा आहे, मात्र तो आडून मिळतो. नागपूरजवळच्या माहूरझरीसारख्या लोहयुगीन शिळावर्तुळांत (दफनांभोवतीच्या दगडी वर्तुळांत) चपट्या कुऱ्हाडी, वाकस आणि पटाश्या मिळाल्या. काही कुऱ्हाडींवर लोखंडाच्या आडव्या पट्ट्या आवळलेल्या आहेत. त्या पट्ट्यांनी पाते दांड्याला जखडलेले असे. दांडा गेला, पण तो कोठे बसत होता ते पट्टीच सांगते. गंजात कधीकधी लाकडाचे तंतूही दगडासारखे घट्ट होऊन राहतात, म्हणून अवजार घासूनपुसून स्वच्छ करण्याआधी ते भिंगाखाली पाहिलेच पाहिजे. चुलीतला किंवा खांबाच्या खड्ड्यातला कोळसा आडवा मोडला की सागात वर्षवलयाच्या आरंभी मोठ्या छिद्रांची रांग दिसते. बांबूत वलये नसतात, वाहिन्यांचे पुंजके विखुरलेले असतात. बांबू पुरता कुजला तरी त्यातील सिलिकेचे सूक्ष्म कण मातीत उरतात. आणि कुडाचे घर जळाले, तर भाजलेल्या लिंपणावर कामट्यांचा ठसा उमटून राहतो.

कोळसा म्हणजे निव्वळ सरपण, त्यावरून सुतारकी कशी ठरवणार, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर जागेत आहे : चुलीतल्या कोळशावरून इंधन कळते, खांबाच्या खड्ड्यातल्या कोळशावरून बांधकाम. दोन्ही एकाच पिशवीत भरले की हा भेद कायमचा पुसला जातो, आणि उत्खननातील ही हयगय कोणत्याही प्रयोगशाळेला भरून काढता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आजच्या कोलाम कारागिरावरून लोहयुगाची कल्पना करणे म्हणजे एका जिवंत समाजाला गोठलेला भूतकाळ ठरवणे होय. बाजाराची मागणी, जंगलखात्याचे नियम आणि 2006 चा वनहक्क कायदा यांनी बांबू कोणाला, कोठून व किती मिळतो हे बदलले आहे. वस्तूंचे घाटही त्याबरोबर बदलले असणार. तेव्हा आजच्या विणीवरून प्राचीन वीण ठरवू नये. मात्र बांबू चिरताना अंगणात कोणता कचरा पडतो, पात्याची धार कोठे झिजते, कोणती छिलपट चुलीत जाते, हे कारागिराकडूनच शिकायला हवे. ही माहिती त्याच्या नावासह व संमतीने नोंदवावी आणि उत्खननातील जमिनीवरची माती कोठून उचलून चाळायची, हे तिच्या आधारे ठरवावे.