किलो म्हणजे हजार की एक हजार चोवीस?

मंडळी, आपण १ टेराबाइटची हार्ड डिस्क आणतो, संगणकाला जोडतो, आणि विंडोज दाखवते ९३१ जीबी. लगेच मनात येतं, मापात पाप झालं! प्रत्यक्षात मापं दोन आणि नाव एक, असा हा घोटाळा आहे. तो झाला कसा, हे आज पाहू.

सुरुवात ‘बिट’पासून करू. बिट म्हणजे शून्य किंवा एक. क्लॉड शॅनन यांनी १९४८ च्या निबंधात हा शब्द वापरला आणि त्याचं श्रेय जॉन टुकी यांना दिलं. १९५६ मध्ये आयबीएमच्या ‘स्ट्रेच’ प्रकल्पात वेर्नर बुखहोल्झ यांनी बिटांच्या गटाला ‘बाइट’ हे नाव दिलं. पुढे १९६४ च्या सिस्टिम/३६० संगणकांमुळे आठ बिटांचा बाइट रूढ झाला.

योगायोग बघा, त्याच १९५६ साली आपल्याकडे मेट्रिक वजनमापांचा कायदा झाला. तोवर शेर प्रांतोप्रांती वेगळा. शेर गेला, किलो आला, आणि किलो म्हणजे हजार हे पक्कं झालं.

संगणकात मात्र उलटं घडलं. मेमरीची रचना दोनाच्या पटीत वाढते. दहा वेळा दुप्पट केली की एकाचे १,०२४ होतात. हजाराच्या इतकं जवळ, म्हणून अभियंत्यांनी त्यालाच ‘किलो’ म्हटलं. फरक शेकडा २.४, कोण बघतो? पण पायरीपायरीनं तो वाढला आणि टेरापर्यंत जवळजवळ दहा टक्क्यांवर गेला. डिस्क बनवणारे तर हजारानंच मोजत होते. १.४४ एमबीची फ्लॉपी आठवते ना? तिच्यात १४,७४,५६० बाइट. म्हणजे तिचा ‘मेगा’ एकदा हजारानं आणि एकदा १,०२४ नं गुणलेला, ना इकडचा ना तिकडचा!

अमेरिकेत यावरून ग्राहक कोर्टातही गेले. आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगानं १९९८ मध्ये १,०२४ च्या मोजणीसाठी ‘किबी’, ‘मेबी’, ‘गिबी’ अशी वेगळी नावं ठरवली. ॲपलनं २००९ मध्ये मॅकवर हजाराची मोजणी घेतली. विंडोजनं मोजणी १,०२४ ची ठेवली आणि नाव जुनंच.

तेव्हा आपल्या डिस्कवर एक लाख कोटी बाइट पुरेपूर असतात. त्यांना तीनदा १,०२४ नं भागलं की येतात ९३१. बाइट एकही कमी नाही. पूर्वी बाजारात ‘कुठला शेर?’ असं विचारावं लागे. आज आपण ‘कुठला किलो?’ एवढं विचारायला शिकायचं.