सिस्टर ते मेट्रन : मधल्या पायऱ्या

आमच्या मार्केट यार्डात कांदे-लसूण निवडायला बायका, आणि गाळ्यावर हिशेबाला बहुतेक पुरुष. त्याचं कुणालाच नवल वाटत नाही. मला नवल वाटतं ते इस्पितळांचं. जिथे काम करणाऱ्या बहुतेक बायकाच, तिथेही वर चढणं इतकं अवघड का असावं?

थोडं मागे जाऊ. पुण्याचं ससून रुग्णालय १८६७ सालचं. पण पेठांमधल्या विधवा तिथे नर्सिंग शिकायला जाऊ लागल्या त्या रमाबाई रानड्यांच्या सेवासदनामुळे, म्हणजे १९०९ नंतर. परक्या माणसाचं अंग पुसायचं, रात्रपाळी करायची, जात न पाहता शिवायचं. त्या काळी हे पचणं सोपं नव्हतं. रमाबाईंनी नुसता उपदेश केला नाही, शिकायची सोय केली आणि पाठीशी संस्थेचं नाव उभं केलं. पहिली पायरी ही.

दुसरी पायरी शिक्षणाची. नर्सिंगची पदवी आपल्याकडे सुरू झाली १९४६ साली, दिल्ली आणि वेल्लोरला. १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा आला. नुसत्या अनुभवावर वॉर्ड सांभाळता येतो. पण अभ्यासक्रम ठरवायला, सरकारी टेबलाशी बसायला पदवी लागते.

तिसरी पायरी हुद्द्याची. १९७६ साली गर्ट्रूड ॲलिस राम मेजर जनरल झाल्या. भारतीय सैन्यात या हुद्द्यावर पोचलेली पहिली स्त्री डॉक्टर नव्हती बरं का, नर्स होती! पण त्याच लष्करी परिचर्या सेवेत १९७७ सालचा एक नियम होता : लग्न केलं की नोकरी जाऊ शकते. १९८८ साली एका लेफ्टनंटला असंच काढलं गेलं. नियम १९९५ साली मागे घेतला. तिला न्याय मिळाला फेब्रुवारी २०२४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयात. साठ लाखांची भरपाई मिळाली, पण मधल्या छत्तीस वर्षांतल्या बढत्या कोण देणार?

सरकारी रुग्णालयात आजही अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका अशी उतरंड आहे. वरच्या जागा मोजक्या, त्यामुळे वाट लांबची. ती चालायची तर नोकरीत खंड पडून चालत नाही, आणि तो खंड बहुतेकदा घरापायी पडतो.

असो. नात्यातली कुणी मुलगी नर्सिंगला निघाली तर फी, हॉस्टेल जरूर विचारा. पण तिचं लग्न ठरवताना आणखी एक विचारा : तिच्या रात्रपाळीला पोरांजवळ कोण थांबणार? रमाबाईंनी संस्थेतर्फे जे केलं, ते आता घराला करायचं आहे.