मेजर हेन्रिक सुखार्स्की : वेस्टरप्लाटेचे रक्षक

मेजर हेन्रिक सुखार्स्की (१८९८–१९४६) हे पोलंडच्या सैन्यातील अधिकारी. डान्झिग (आजचे ग्दान्स्क) बंदराच्या मुखाशी असलेल्या वेस्टरप्लाटे येथील पोलिश ठाण्याचे ते प्रमुख होते. १ सप्टेंबर १९३९ रोजी पहाटे जर्मन युद्धनौका 'श्लेस्विग-होल्स्टाइन'ने या ठाण्यावर तोफा डागल्या. दुसऱ्या महायुद्धातील पहिल्या आघातांपैकी हा एक होय.

सुमारे २०० सैनिकांच्या या तुकडीने १२ तास तग धरावा, अशी अपेक्षा होती. ती ७ दिवस लढली. २ सप्टेंबरच्या विमानहल्ल्यानंतर शरण जावे की लढावे, यावर मेजर सुखार्स्की आणि त्यांचे साहाय्यक कॅप्टन फ्रान्चिशेक डोम्ब्रोफ्स्की यांच्यात मतभेद झाल्याचे अनेक इतिहासकार मानतात. १५ सैनिक धारातीर्थी पडले. मदतीची आशा मावळल्यावर ७ सप्टेंबरला मेजरांनी शस्त्रे खाली ठेवली. जर्मन सेनानीने त्यांची तलवार सन्मानपूर्वक त्यांच्याकडेच राहू दिली. युद्धकैदेतून सुटल्यावर १९४६ साली इटलीत नेपल्स येथे त्यांचे निधन झाले. १९७१ साली त्यांचे अवशेष वेस्टरप्लाटे येथे आणण्यात आले.

१२ जून १९८७ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी याच भूमीवर तरुणांना सांगितले, की प्रत्येकाच्या जीवनात आपले असे एक वेस्टरप्लाटे असते. तेथून पळ काढता येत नाही. आम्हांस वाटते, स्थान न सोडणे हे जसे कर्तव्य, तसेच हाती सोपविलेले प्राण जपणे हेही कर्तव्यच होय. मेजर सुखार्स्कींना ही दोन्ही पेलावी लागली.