अ‍ॅपची संमती मराठीतून: पांढुर्णा-सौंसरच्या मोबाइलधारकांचा हक्क

मध्य प्रदेशातील पांढुर्णा व सौंसर हे मराठीभाषक तालुके महाराष्ट्राच्या सीमेला लागून आहेत. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत नागपूरसह विदर्भ मुंबई राज्यात गेला. हे तालुके मात्र मध्य प्रदेशातच राहिले. 2023 मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून त्यांना वेगळे काढून पांढुर्णा जिल्हा झाला. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी, अशी येथील रीत. मोबाइलने तीत इंग्रजीची भर घातली. नवे अ‍ॅप उघडताच गोपनीयता धोरणाचा लांबलचक इंग्रजी मजकूर समोर येतो, आणि तो न वाचताच संमतीचे बटण दाबले जाते.

अशा संमतीला अर्थ किती, या प्रश्नाला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 मध्ये काही अंशी उत्तर आहे. संमती मागणाऱ्या कंपनीने कोणती माहिती, कशासाठी घेतली जाणार याची सूचना द्यावयाची असून, ती सूचना व संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत पाहण्याचा पर्याय वापरकर्त्यास द्यावयाचा आहे. हा हक्क राज्याच्या राजभाषेशी बांधलेला नाही. त्यामुळे हिंदी राजभाषा असलेल्या राज्यातही सौंसरच्या शेतकऱ्याला मराठी सूचना मागता येईल. भाषेचा प्रश्न जवळून अनुभवलेल्या गोमंतकीय वाचकाला याचे मोल वेगळे सांगावयास नको. मराठी व कोकणी या दोन्ही भाषा त्या अनुसूचीत आहेत.

या हक्काला मर्यादा आहेत. भाषांतराची सक्ती सूचनेपुरती आणि संमतीच्या विनंतीपुरती आहे. संपूर्ण धोरण इंग्रजीतच राहू शकते. शासकीय अनुदान वा लाभ देण्यासाठी काही परिस्थितीत शासनाला नव्या संमतीविनाही माहिती वापरता येते. ग्रामीण भागात शासकीय योजनांचा वाटा मोठा असल्याने ही सवलत लहान म्हणता येणार नाही. शिवाय नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले असले, तरी सूचना व संमतीविषयीच्या तरतुदी अठरा महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू व्हावयाच्या आहेत.

संमती किती द्यावी, हे कायद्यातील एका उदाहरणावरून स्पष्ट होते. दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याच्या अ‍ॅपने फोनमधील संपर्कयादीही मागितली आणि वापरकर्त्याने होकार दिला, तरी सल्ल्यासाठी यादी आवश्यक नसल्याने तो होकार यादीला लागू होत नाही. कर्ज देणाऱ्या अ‍ॅपबाबत रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 मध्येच संपर्कयादी, फाइली व कॉलच्या नोंदी पाहण्यास मनाई केली आहे. दिलेली परवानगी अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमधील 'परमिशन मॅनेजर'मध्ये आजही काढून घेता येते.

तक्रार असल्यास ती आधी कंपनीच्या तक्रार निवारण व्यवस्थेकडे करावी लागेल. तेथे दाद न मिळाल्यास डेटा संरक्षण मंडळाकडे जाता येईल.