उर्वशी, ड्यूकचे काचघर आणि कळव्यातील कुंडी

१/ कळव्यातील अनेक सदनिकांच्या दिवाणखान्यात आज एखादे अँथुरियम किंवा पीस लिली दिसते. दोन्ही अळूच्या कुळातील, मूळच्या उष्ण अरण्यांतील. अशी झाडे छपराखाली जगवण्याची विद्या मात्र थंड प्रदेशात वाढली; आणि तिच्या इतिहासातील नायिका आपल्या भायखळ्याच्या राणीच्या बागेत उघड्यावर उभी आहे. तिचे नाव उर्वशी.

२/ १८२७. पहिले इंग्रज-ब्रह्मी युद्ध नुकतेच संपले होते. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख नॅथॅनियल वॉलिच यांना सालवीन नदीकाठच्या एका पडक्या मठाजवळ हा वृक्ष दिसला. झुंबरासारखे लोंबणारे शेंदरी घोस, पाकळ्यांच्या टोकांना पिवळा ठिपका. कोवळी पाने सीता-अशोकासारखी मलूल लटकलेली. जवळच्या गुहांत बुद्धमूर्तींपुढे तीच फुले वाहिलेली होती. वॉलिच यांनी नाव दिले ते गव्हर्नर जनरलच्या पत्नी लेडी ॲमहर्स्ट आणि त्यांच्या कन्येवरून: ॲमहर्स्टिया नोबिलिस. मठात फुले वाहणाऱ्यांचे नाव अर्थातच कोणी विचारले नाही.

३/ डेव्हनशायरच्या सहाव्या ड्यूकला हे झाड हवेच होते. त्याचा मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन याने १८३५ मध्ये जॉन गिब्सन या तरुण माळ्याला हिंदुस्थानात धाडले. गिब्सन खासी टेकड्यांतून ऑर्किडे आणि वॉलिच यांच्याकडून ॲमहर्स्टिया घेऊन १८३७ मध्ये परतला.

४/ महिनोन् महिने खाऱ्या वाऱ्यात झाड तगले कसे? उत्तर लंडनच्या एका डॉक्टराकडे होते. १८२९ मध्ये नॅथॅनियल वॉर्ड यांनी पतंगाचा कोश मातीसह बंद बाटलीत ठेवला, तर त्यात नेचा आणि गवत उगवले. मातीतील ओल वाफ होऊन काचेवर जमे आणि पुन्हा मातीत उतरे. शहराची काजळी बाहेरच राही. १८३३ मध्ये अशा पेट्यांतून झाडे सुखरूप सिडनीला पोहोचली. पुढे चहा आणि सिंकोना याच पेट्यांतून खंडोखंडी हलवले गेले. साम्राज्याच्या इतिहासात तोफांइतकेच मोल या पेटीला द्यावे, असे माझे मत आहे.

५/ पॅक्स्टनने चॅट्सवर्थला उभारलेले काचघर १८४० मध्ये पूर्ण झाले: लांबी २७७ फूट, उंची ६७ फूट, खाली आठ बॉयलर. इतका थाट असूनही पॅक्स्टनच्या हाती असलेली उर्वशी काही फुलली नाही. इंग्लंडमध्ये तिचे पहिले फूल १८४९ मध्ये उमलले, तेही ईलिंग पार्क येथे लुईसा लॉरेन्स या हौशी बागकर्तीकडे.

६/ इंग्लंडच्या डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा. बॉयलर ऊब देतो, झारी ओल देते. प्रकाश मात्र विकत मिळत नव्हता. तरीही सारे खापर प्रकाशावर फोडता येत नाही, कारण ईलिंगवरही तेच आकाश होते. निगा राखणाऱ्याची नजर पैशांपेक्षा मोलाची ठरली असावी.

७/ कळव्यात गणित उलटे आहे. ऊब आणि खाडीची दमट हवा फुकट. उणीव असते उजेडाची आणि मुळांना मिळणाऱ्या हवेची. समोरासमोर इमारती असल्या की दिवाणखान्यात अंधारच. म्हणून मोठी कुंडी पूर्वेच्या खिडकीशी ठेवावी, एसीच्या झोतापासून दूर; तो झोत हवेतील ओल शोषतो. पाणी मातीचा वरचा थर बोटाला कोरडा लागल्यावरच घालावे. पावसाळ्यात तर आणखी हात आखडता घ्यावा: घरातील झाडे तहानेपेक्षा बुडूनच अधिक मरतात. कुंडीला खाली भोक हवेच, आणि ताटलीत साचलेले पाणी ओतून द्यावे. पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसावी. वॉर्ड यांच्या नेच्यांना काजळीचा जो जाच होता, तोच येथे रस्त्याच्या धुळीचा.

८/ चॅट्सवर्थच्या काचघराचा शेवट कोळशाने केला. पहिल्या महायुद्धात इंधन मिळेना, बॉयलर थंडावले, आतील झाडे मेली. १९२० मध्ये ती वास्तू सुरुंग लावून पाडण्यात आली.

९/ राणीच्या बागेतील उर्वशीला ना बॉयलर लागला, ना काच. कळव्याहून धिमी लोकल थेट भायखळ्याला जाते.